इक्बालचा अ‍ॅम्प आणि दुसरी बाटली

इक्बाल,

परवा तुला जाऊन चाळीस दिवस होतील, तुझा चाळिसावा. भाभींनी दुपारी जेवायला या म्हणून निरोप पाठवला आहे. गावातले बरेच जण येतील, तुझ्या सासरची माणसं येतील, आणि त्या सगळ्यांच्या पंगतीत बसून मला तुझ्या नावाचं जेवायचं आहे. त्या दिवशी भाभींना एक गोष्ट सांगायची आहे. तुला दवाखान्यात नेलं त्या दिवसापासून मी ती गिळून बसलो आहे. डॉक्टरांनी विचारलं होतं, यांनी काय फवारलं? मी एका औषधाचं नाव सांगितलं. पंपात दोन औषधं होती, आणि दोन्ही माझ्याच दुकानातून गेली होती.

हे भाभींना तोंडावर सांगायचं धाडस होत नाही, म्हणून आधी तुला लिहितो आहे. तू म्हणाला असतास, "काऊन बे मध्या, रिहर्सल करून राह्यला का?" हो, तेच करतो आहे. कृषी केंद्राच्या काउंटरवर बसून इतकी वर्षं तोंडाचा पट्टा चालवला, आणि आता एका वाक्यासाठी जीभ टाळ्याला चिकटते.

समोर तुझा डबा आहे. तळहाताएवढा, अ‍ॅल्युमिनियमचा, एका बाजूला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या बाजूला मोबाइलची. लोक त्याला हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात, तू नुसतं अ‍ॅम्प म्हणायचास, आणि भाभी 'भाऊची डबी' म्हणायच्या. तू गेल्यापासून मी तो चालू केलेला नाही. बॅटऱ्या काढून ठेवल्या आहेत, कारण आत राहिल्या तर पाझरतात हे तूच बजावलं होतंस.

सुरुवात माझ्या भाच्यापासून झाली. त्याने बिनवायरचे हेडफोन घेतले आणि जुने मोठे, वायरचे, पुण्याहून आणून मामाच्या गळ्यात मारले. मोबाइलला लावले तर आवाज विहिरीच्या तळातून यावा तसा. मी तुझ्या दुकानात येऊन म्हणालो, हे बिघडलेत. तुझं दुकान म्हणजे बसस्टँडमागची एक खोली. मिक्सर, मोटारींचे स्टार्टर, लग्नाच्या बँडचे माइक, आणि अलीकडे फवारणीचे बॅटरी पंप. रेडिओ दुरुस्तीवर पोट भरायचे दिवस तुझ्या अब्बांबरोबर गेले, पण कान तू त्यांचेच घेतले होतेस. तू हेडफोन लावलेस, डोळे मिटलेस आणि म्हणालास, "बिघडलं काई नाई. याइले ताकद लागते. तुहा मोबाइल म्हन्जे नांगराले बकरी जुंपल्यावानी."

मग अ‍ॅम्प घ्यायचं ठरलं, आणि मी माझ्या स्वभावाप्रमाणे दुसऱ्या दिवशी इंटरनेटवर एक पसंत करूनच आलो. महाग होता, हिरवा दिवा होता, आणि बाजूला बास वाढवायचं बटण होतं.

"आयकला का?" तू विचारलंस.

"ऐकणार कसा? फोटो पाहिला."

"फोटो पाहून बैल तरी घेते का कोनी?"

तू तीन अ‍ॅम्प जमवलेस. एक अकोल्याच्या ओळखीच्या दुकानदाराकडून चार दिवसांच्या बोलीवर आणला, एक शेगावच्या मोबाइलवाल्याने कुरियरने मागवून दिला, आणि एक तू स्वतः उघड्या पट्टीवर जोडलेला होता, ज्याला ना डबा ना रूप. मी म्हणालो, लाव एखादं चांगलं गाणं. तू काहीच लावलं नाहीस. हेडफोन माझ्या डोक्यावर चढवलेस आणि विचारलंस, "काय आयकू येते?"

"काही नाही."

"नीट आयक."

नीट ऐकलं तर सूंऽऽ असा बारीक आवाज होता, चुलीत ओलं लाकूड जळताना येतो तसा. "हे याचं सोताचं हाय," तू म्हणालास. "गानं लावलं का हे त्याच्यात मिसळन. अ‍ॅम्पचं काम एकच, जे आलं ते मोठं करून देनं. आपल्या पदरचं काई मिसळायचं नाई." मग तू आवाजाचं बटण अगदी कणभर फिरवायला लावलंस. शेगाववाल्यात डाव्या कानात आवाज आधी आला, उजव्यात मागून रेंगाळत आला. तोही दोष म्हणून तू कागदावर लिहिलास. पिन हलवून पाहिलीस, खरखर येते का ते पाहिलंस. मी जांभया देत होतो.

आणि शेवटी जे लावलंस ते आठवून या दिवसांतही मला हसू आलं, खोटं कशाला बोलू. भाभी सुपाने ज्वारी पाखडताहेत, एवढंच. तू ते अंगणात बसून मोबाइलवर रेकॉर्ड केलं होतंस. सुपाचा सपसप आवाज, दाणे कडेला घसरतात, मध्येच बांगड्या वाजतात, मध्येच त्या कोंबडीला हाकलतात. मी म्हणालो, हे काय ऐकायचं? तू म्हणालास, "गानं फसवते बे. गानं आवडलं का मानूस अ‍ॅम्पचे दोष माफ करते. हा आवाज मले पाठ हाय, लगन झाल्यापासून आयकून राह्यलो. दाना येगळा अन् कोंडा येगळा आयकू आला पाह्यजे." तिन्ही अ‍ॅम्पवर तू मला ती ज्वारी ऐकवलीस, आणि खोटं वाटेल, पण तुझ्या उघड्या पट्टीवर मला पहिल्यांदा कोंडा उडालेला ऐकू आला.

तरी माझी मिजास गेली नव्हती. मी म्हणालो, मला न बघता ओळखता येईल. तू तिन्ही अ‍ॅम्पवर गमछा टाकलास आणि एकेक करून ऐकवलेस. मी छातीठोकपणे सांगितलं की दुसरा सगळ्यांत गोड आणि तिसरा अगदी टुकार. तू गमछा उचललास. दुसरा आणि तिसरा एकच होता, तू नुसती वायर काढून परत लावली होतीस. पुढचे आठ दिवस बसस्टँडवरच्या चहावाल्यापासून माझ्या बायकोपर्यंत सगळ्यांना ही गोष्ट ठाऊक झाली होती.

घेतला तो शेगावचाच, तिन्हींत स्वस्त आणि सूंऽऽ करणारा. मला पटेना. तू म्हणालास की याचा डबा मजबूत आहे, पिना घट्ट आहेत, आत जागा आहे. बाकीचं आपण बदलू. मग जवळजवळ पंधरा दिवस दुपारी मी दुकानात नोकराला बसवून तुझ्याकडे यायचो आणि तू भिंगाखाली तो डबा उघडून बसायचास. आतली मुख्य चिप तू काढलीस आणि तिथे छोटी बैठक बसवलीस, म्हणजे पुढे वेगळी चिप लावून पाहता येईल. तशा चार लावून पाहिल्यास. एक सुंदर वाजायची पण बॅटरी पिऊन टाकायची, एक शांत होती पण तुझ्या भाषेत 'सुतक असल्यावानी' होती. आवाजाचं बटण बदललंस, दोन्ही कान बरोबरीने चालू लागले. एका बॅटरीऐवजी दोन चौकोनी बॅटऱ्या बसवल्यास. एकीवर अ‍ॅम्प चालतो, पण मोठा आवाज आला की त्याला धाप लागते, असं तुझं म्हणणं.

आणि मग आपलं खरं भांडण झालं. तो अ‍ॅम्प आलेला आवाज दहा पट वाढवायचा. तू आतले दोन रेझिस्टर बदलून तो तीन पटीवर आणलास. मी खवळलो. पैसे देऊन वस्तू घ्यायची आणि तिची ताकद कापून टाकायची, हा कुठला शहाणपणा?

"दहा पट वाढवलं का सूंऽऽ बी दहा पट वाढते," तू म्हणालास. "अन् मंग तू बटन चार आणे फिरवून सोडून देतं. बाकीचे बारा आणे कायले हायेत? तुले जेवढं लागते तेवढंच देल्लं."

"मला बास पाहिजे."

"बास त्या गान्यात असन तं येईन. नसन तं म्या कोठून आनू?"

मी तोंड पाडून गेलो. दोन दिवसांनी तू बोलावून घेतलंस, आणि डब्याला बाजूला एक छोटं बटण बसवलेलं दाखवलंस. वर केलं की बास. मी लावून ऐकलं, आणि काय सांगू, छाती भरून आली. महिनाभर मी ते बटण वर ठेवून ऐकत होतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो की शेवटी इक्बालला माझं ऐकावं लागलं. मग एकदा चहा पिताना तू सहज म्हणालास की त्या बटणाला आत एकही वायर जोडलेली नाही. मी तुला जी शिवी दिली ती इथे लिहीत नाही. तू हसून हसून चहा सांडलास.

इतकं चांगलं लिहून झालं. आता पुढचं.

त्याच वर्षी कापूस माणसाच्या डोक्याच्या वर गेला होता. पाऊस लांबला, झाडं माजली, आणि बोंडांत गुलाबी अळी शिरली. बीटीचं बियाणं नवं होतं तेव्हा याच काउंटरवरून मी सांगायचो की आता बोंडअळी विसरा, फवारणी विसरा. लोकांनी माझं ऐकलं होतं. आता तेच लोक फोडलेलं बोंड तळहातावर घेऊन दुकानात यायचे आणि काही न बोलता मला दाखवायचे. मग मी त्यांना औषध द्यायचो. तू म्हणायचास, "अळी बोंडाच्या आत बसली. भाईर कितीबी मारा, आत बसलेलीले काय फरक पडते?" मला ते कळत होतं. पण गिऱ्हाइकाला रिकाम्या हाताने परत पाठवणारा दुकानदार अजून जन्मायचा आहे.

सगळ्यांची तक्रार होती की फवारा शेंड्यापर्यंत जात नाही. तेव्हा मला ती अक्कल सुचली. मी तुला म्हणालो, तू अ‍ॅम्पमध्ये एवढी उलथापालथ करतोस, या बॅटरी पंपांचं काहीतरी कर. त्यांचं दाब कमी-जास्त करायचं बटण काढून टाक, मोटार थेट बॅटरीवर घे, आणि पुढे बारीक छिद्राचं तोंड बसव.

तू सरळ नाही म्हणालास. "दाब वाढला का थेंब बारीक होते. बारीक थेंब खाली पडत नाई, हवेतच राह्यते. मानूस त्याच्यातूनच चालत जाते. ते नाकात जाईन."

"तोंडाला रुमाल बांधतील की."

"रुमालानं धूळ आडते मध्या, धूर नाई आडत."

आपण दोन आठवडे बोललो नाही. शेवटी मीच आलो, आणि तुला समजावून सांगितलं की तू नाही केलंस तर दुसरा कोणीतरी करेल आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे जाईल. माझी जुनी युक्ती आहे ही. समोरच्याला पटत नसेल तर त्याला सांगायचं की हे होणारच आहे. तू बराच वेळ स्क्रू ड्रायव्हर फिरवत बसलास आणि मग म्हणालास, आन पंप. पंधरा-वीस पंप तू तसे करून दिलेस. मी ते 'इक्बाल मिस्त्रीचा पंप' म्हणून विकले. तुझं नाव गावात चालायचं.

तुझा स्वतःचा पंप मात्र तू साधाच ठेवला होतास. डोंगराच्या बाजूला तुमचं तीन एकर वावर, त्यात तुझाही कापूस. त्या दिवशी तुझ्या पंपाची बॅटरी बसली आणि तू दुकानात आलास. मी तुला वाढवलेल्या दाबाचा एक पंप काढून दिला. तू त्याच्याकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, आणि उचललास.

औषध मीच दिलं. एक नेहमीचं, लेबलवालं. आणि दुसरी पांढरी बाटली, जिच्यावर 'वाढीसाठी' एवढंच लिहिलेलं आणि एका हिरव्या पानाचं चित्र. एक एजंट मोटरसायकलवर त्याची खोकी टाकून जायचा, बिल नाही, काही नाही. टॉनिकने झाड वाढतं, अळी मरत नाही. या बाटलीने तासाभरात अळ्या खाली पडायच्या. आत काय असेल हे समजायला मला शाळेत जायची गरज नव्हती. मी एजंटला विचारलं नाही, आणि गिऱ्हाइकाला सांगितलं नाही. आपल्याकडची रीतच आहे, एक टोपण याचं, एक टोपण त्याचं, टाक पंपात आणि हलव. तुलाही मी तेच सांगितलं, "दोन्ही मिसळून मार, एका फेरीत काम होईल."

अ‍ॅम्पमध्ये एक बारीक सूंऽऽ मिसळू नये म्हणून पंधरा दिवस डोळे फोडणारा माणूस तू, आणि त्या दिवशी तू विचारलं नाहीस की हे काय आहे. मी दिलं म्हणून घेतलंस. या एका गोष्टीवर मी रोज अडकतो.

संध्याकाळी तुझे डोळे चुरचुरायला लागले, मग उलट्या. सकाळी शेगावला नेलं, तिथून अकोल्याला मोठ्या दवाखान्यात. भाभींचा फोन आला तेव्हा मी दुकान नुकतंच उघडलं होतं. "भाऊ, डॉक्टर इचारून राह्यले, दवा कोन्ती होती? तुमच्याच दुकानातली हाय ना?" मी म्हणालो, हो भाभी, लिहून घ्या. आणि लेबलवाल्या औषधाचं नाव अक्षर अक्षर करून सांगितलं. त्या म्हणाल्या, "एकच ना भाऊ?" मी म्हणालो, एकच.

आदल्याच दिवशी कानावर आलं होतं की कृषी खात्याची माणसं दुकानं तपासत फिरताहेत. फोन ठेवला आणि मी काय केलं असेल? तुझ्याकडे निघालो नाही. पांढऱ्या बाटल्यांची खोकी उचलली आणि घरामागच्या कडब्याच्या गंजीत दाबून ठेवली. अंगभर कडबा टोचत होता आणि मी मनाला सांगत होतो की इक्बाल दणकट आहे, दोन सलाइन लावली की उठून बसेल.

तिसऱ्या दिवशी अकोल्याला आलो. पिशवीत एक पांढरी बाटली घेऊन आलो होतो, डॉक्टरांच्या हातात देईन म्हणून. तुझ्या वॉर्डाबाहेर बाकावर एक हवालदार जबाब लिहीत बसला होता. तू काचेच्या पलीकडे, नळ्या लावलेल्या, छाती मशीनने वरखाली होत होती. मी पिशवी छातीशी धरून तासभर उभा राहिलो. मग खाली जाऊन चहा प्यायलो आणि परतीची गाडी धरली. पाचव्या दिवशी सकाळी तू गेलास. तुझ्या जनाज्याला मी खांदा दिला, कबरीवर मिट्टीही दिली, आणि लोकांनी पाठीवर हात ठेवून मला म्हटलं की भावासारखा होता तुमच्या.

दुसरं नाव सांगितलं असतं तर फरक पडला असता का, हे मी अजून कोणत्याही डॉक्टरला विचारलेलं नाही. मला 'नाही' ऐकायचं आहे, म्हणूनच विचारत नाही.

परवा भाभींना सांगतो. शब्द अजून सापडलेले नाहीत.

*

वरचं लिहिलं त्याला चार दिवस झाले. चाळिसावा पार पडला. जेवण झालं, माणसं पांगली, अंगणात बायका भांडी घासत होत्या. भाभी आत खाटेवर बसल्या होत्या. मी समोर जाऊन खाली बसलो आणि शेवटी एका दमात बोललो. भाभी, दवा एक नव्हती. दोन होत्या. दुसरी पांढरी बाटली होती. मी लपवलं.

त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "मले मालूम हाय."

मी मान वर करून पाहिलं.

"डॉक्टरनं त्याइले इचारलं तवा म्या तिथंच होती. पह्यल्या दिशी ते बोलत होते, सुद होती त्याइले. ते म्हनले, एक दवा. म्या म्हनलं, नाई साहेब, एक पांढरी बाटलीबी होती, म्या वावरात पाह्यली. तं त्याइनं माहा हात दाबला. अन् डॉक्टरले म्हनले, हिले काई समजत नाई साहेब, एकच दवा होती."

"काऊन?" मी विचारलं.

"डॉक्टर गेल्यावर मले म्हनले, मध्याचं दुकान जाईन. त्याच्या पोरी लग्नाच्या हायेत."

इक्बाल, बाहेर भांड्यांचा आवाज चालू होता आणि मी तुझ्या घराच्या फरशीवर हात टेकून बसलो होतो.

मी विचारलं, मग तुम्ही तरी का नाही सांगितलं भाभी? त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या, "म्हनून तं तुम्हाले फोन केला. म्या म्हनलं, हे दोस्तीपायी बोलत नाईत, पन भाऊ दुकानदार हायेत, त्याइले समजते, ते सांगतीन. दोनदा इचारलं तुम्हाले, एकच ना? तुम्ही म्हनले, एकच. मंग मले वाटलं, ती बाटली सादीच असन. तुम्हाले माह्यापेक्षा जास्त समजते ना."

म्हणजे भाभींना ठाऊक होतं, आणि माझ्या एका शब्दाने त्यांनी आपलं खरं खोटं धरलं. मी नुसता गप्प राहिलो नव्हतो. सांगणाऱ्या एकुलत्या एक माणसाचं तोंड मी बंद केलं होतं.

"त्याइनं झाकलं ते तुमच्यासाठी," भाभी म्हणाल्या. "तुम्ही कोनासाठी झाकलं, भाऊ?"

मी मान खाली घातली. मग त्यांनी विचारलं, "बाटल्या कोठी हायेत?"

"कडब्यात. घरामागं."

"अन् इकल्या त्या?"

विकल्या त्या लोकांच्या घरात आहेत, भाभी. अजून फवारणी चालू आहे. हे मी मनात म्हणालो, पण त्यांना ते ऐकू आल्यासारख्या त्या उठल्या. "मले सांगून काय होते? ज्याइच्या घरात हायेत त्याइले सांगा. अन् सायबाले लिहून द्या. ते होईस्तोवर माह्या घरी येऊ नका."

काल आणि आज मी घरोघर फिरलो. बाटली कोणाकोणाला दिली हे मला आठवत होतं, वहीची गरज पडली नाही. प्रत्येक दारात उभं राहून सांगितलं की ही मी दिली, यात विष आहे, परत द्या आणि तो पंपही वापरू नका. एका म्हाताऱ्याने पंप माझ्या पायावर फेकला. एकाच्या बायकोने विचारलं की मग माझ्या माणसाचं डोकं गेले पंधरा दिवस दुखतं ते यानेच का, आणि मी म्हणालो असेल, त्याला दवाखान्यात न्या, ही बाटली सोबत न्या. एक घर बंद होतं, तिथे उद्या पुन्हा जायचं आहे. कडब्यातली खोकी ओट्यावर काढून ठेवली आहेत. त्यांच्याकडे पाहून बायको रात्री जेवली नाही. सकाळच्या पहिल्या गाडीने ती खोकी घेऊन तालुक्याला कृषी खात्याच्या साहेबाकडे जातो आहे. अर्ज लिहून झाला आहे. त्यात तुझं नाव आहे, माझं आहे, पंपाचं आहे, दोन्ही बाटल्यांचं आहे.

तू माझ्यासाठी झाकलंस ते मी उघडं करणार आहे. दुकान जाईल, पुढे आणखी जे व्हायचं ते होईल. त्याची भीती वाटते, वाटत नाही असं म्हणणार नाही. तुझ्यावर मात्र माझा राग आहे, आणि तो कोणाजवळ बोलायची सोय नाही. तुला त्या सकाळी बोलता येत होतं, इक्बाल. डॉक्टर समोर उभा राहून विचारत होता. भाभी तुझ्यासाठी सांगायला बसल्या होत्या आणि तू त्यांचा हात दाबलास. सांगून टाकायचं होतंस बे, माझं नाव घ्यायचं होतंस. दुकान गेलं असतं. मी तुला शिव्या दिल्या असत्या, वर्षभर तुझ्याशी बोललो नसतो. मग आलो असतोच.